मागितली असती तर मिळाली असती

इतकी वर्षं झाली, तरी ती घटना मनातून गेलेली नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. चोरीला गेली होती एक चाकांची खुर्ची, आणि तीही अशी, की जी कुणालाही नुसती मागितली तरी फुकट मिळत होती. त्या खुर्चीमागे एका बाईचा उजवा हात, तिचं बोलणं आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य अडकलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. पण वेळेत कळलं, म्हणून आज हे लिहिताना बरं वाटतं. उशीर झाला असता तर हा विषय मी काढलाच नसता.

मी तेव्हा वसईतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. आमची हद्द मोठी मजेशीर होती. एका अंगाला नालासोपाऱ्याकडून पसरत आलेल्या इमारती, दुसऱ्या अंगाला केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, गोड्या पाण्याची तळी, म्हणजे इथली बावखलं, आणि चर्चच्या भोवती वसलेली जुनी गावं. इमारतींतली माणसं भांडण झालं की पहिल्यांदा पोलीस ठाण्यात येत. गावातली माणसं सगळे उपाय थकले की येत, आणि आली तरी निम्मी गोष्ट घरी ठेवून येत. माझी तोवरची नोकरी सगळी देशावर गेलेली, त्यामुळे हे समजायला मला थोडा वेळ लागला.

एका सकाळी हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतोय तोच तिघे जण आत आले. पुढे साठी ओलांडलेले एक गृहस्थ. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, भांग काटेकोर. जवळच्याच एका ख्रिस्ती गावातले निवृत्त मुख्याध्यापक. अख्खं गाव त्यांना 'सर' म्हणायचं, म्हणून इथे मीही तेच म्हणतो. त्यांच्यामागे त्यांच्या मंडळाचे दोन तरुण सभासद होते. दोघेही मुंबईत नोकरीला, रजा टाकून आलेले आणि त्यामुळे आधीच वैतागलेले.

मंडळाचं काम मी ऐकून होतो. गावच्या सभागृहामागे एक खोली होती. तिच्यात आजारी माणसाला लागणारं सामान ठेवलेलं असे. वरखाली होणारे पलंग, वॉकर, काठ्या, चाकांच्या खुर्च्या. ज्याच्या घरी गरज असेल त्याने यायचं, हवं ते न्यायचं, गरज संपली की आणून द्यायचं. जात, धर्म, गाव काही विचारायचं नाही. आचोळ्याच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा माणूसही येऊन पलंग घेऊन जायचा. ही खोली सरांनी उभी केली होती आणि तेच ती चालवत होते.

तिथे एक रीत होती. ज्या घरात सामान जाईल, तिथल्या रुग्णाचं नाव रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रार्थनेसाठी वाचलं जायचं. त्यामुळे गावाला कळायचं, आणि कळावं हाच हेतू असायचा. कुणी पेज घेऊन जायचं, कुणी रात्री सोबतीला बसायचं. दुसरी रीत सरांची स्वतःची होती. सामान मागायला आलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "परत कधी आणणार?" प्रश्न योग्यच होता, कारण त्यामागे दुसरा गरजू थांबलेला असायचा. पण सर तो मुख्याध्यापकाच्या आवाजात विचारायचे, आणि समोरची चार मुलांची आईसुद्धा गृहपाठ न केल्यासारखी उभी राहायची.

"नवी खुर्ची गेली," सर म्हणाले. "घडीची होती. काल एका घरून मागायला आले, खोली उघडली, तर नाही."

"कुलूप तोडलंय?"

"नाही."

"किल्ल्या किती?"

"दोन," एक तरुण मध्येच बोलला. "एक सरांकडे. दुसरी सभागृह सांभाळते त्या बाईकडे. आता साहेब, सरांनी तर नेली नसणार. मग उरलं कोण?"

"ती नाही," सर म्हणाले.

ते इतक्या ठामपणे म्हणाले की तरुण गप्प झाला. मला मात्र ते दोन शब्द खटकले. ज्याला चोर माहीत नसतो, तो माणूस म्हणतो, 'ती असं करणार नाही हो.' त्यात थोडी काळजी असते, थोडी शंका असते. सरांच्या बोलण्यात शंका नव्हतीच. मी वर पाहिलं, तर ते भिंतीवरच्या हद्दीच्या नकाशाकडे बघत होते.

खुर्ची चोरीला गेली की कुणी न सांगता नेली, याचीच खात्री नव्हती. म्हणून गुन्हा न नोंदवता तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि चौकशी माझ्याकडे आली. जाताना तरुणांनी सांगितलं की निकाल लागेपर्यंत त्या बाईने सभागृहामागची राहती खोली सोडावी, असं मंडळात बोलणं चाललं आहे. सर तेव्हाही काही बोलले नाहीत.

मी जागा पाहिली, पंचनामा केला. सभागृहाचा कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद होता. माझ्या सगळ्या नोकरीत, हवा तेव्हा चालू असलेला कॅमेरा मी क्वचितच पाहिला. मग त्या बाईला दुपारी बोलावलं, शेजारी महिला शिपाई बसवली. पन्नाशीची, सडसडीत, विधवा बाई. मुलीचं लग्न करून दिलेलं. पोलीस ठाण्यात पहिल्यांदाच आलेली, पण घाबरण्यापेक्षा संतापलेली जास्त.

"मला चाकाची खुर्ची कशाला, साहेब?" ती म्हणाली. "माझे दोन्ही पाय धड आहेत. चोरायचंच असतं तर पंखे नसते नेले? विकायला सोपे."

महिला शिपायाला हसू आवरेना. मलाही आलं होतं, पण पुढचं वाक्य ऐकून गेलं.

"इतकी वर्षं खोली झाडते मी. सर ओळखतात मला. सर एक शब्द बोलले असते ना, तर या पोरांची हिंमत नसती झाली. सर का बोलत नाहीत, तेच मला कळत नाही."

मलाही तेच कळत नव्हतं. त्यात आणखी एक गोष्ट जुळेना. ज्याचं काही गेलेलं असतं तो तक्रारदार पोलिसांना स्वस्थ बसू देत नाही. सकाळ-संध्याकाळ फोन, 'काय झालं साहेब, काही सुगावा?' साधी सायकल गेलेली असली तरी लोक आमचा जीव खातात. सरांचा एकही फोन आला नाही. मी केला, तर म्हणाले, "तुमच्या सवडीनं बघा." पोलिसाला सवडीनं बघा म्हणणारा तक्रारदार मी तो एकच पाहिला.

आमचा बीट हवालदार मिठागराकडच्या गावातला. त्या पट्ट्यातली घरं त्याला हाताच्या रेषांसारखी माहीत. मी त्याला शंका सांगितली, तर तो म्हणाला, "साहेब, इथं पानी मुरतंय. पन सरांच्या दारात गाडी नका उभी करू. त्या गावात पोलिसाची गाडी थांबली की लोक तिथंच निकाल लावतात." त्याने दोन-चार दिवसांची मुदत मागितली आणि आपल्या मार्गाने चौकशी सुरू केली.

खबर आली ती त्याच्या दूरच्या मावशीकडून. ही मावशी डोक्यावर पाटी घेऊन त्या गावात दारोदार म्हावरं विकायची. हवालदार तिला घेऊन आला तेव्हा ती बसायलाही तयार नव्हती. पाटीत बोंबील होते आणि ऊन चढत होतं.

"सरांची बाय डहानूला गेलीय म्हनतात, भैनीकडं," मावशी म्हणाली. "पयलं बाय मला ओट्यावर बसवायची, पानी द्यायची. आता सर फाटकावरच म्हावरं घेतात आनि फाटक लावतात. पानी पन नाय विचारत."

"बायको घरी नसली की पुरुषांचं असंच असतं," मी म्हणालो.

"आसंल. पन मंग वाडीत रेघा कशाच्या?"

"कसल्या रेघा?"

"चाकाच्या. मागच्या दारातनं निगतात नि मोगऱ्याच्या वाफ्यापत्तर जातात. कुंपनातनं दिसलं मला. सायकल एकच रेघ काढते, सायेब. या दोन हायत, बारीक."

एवढं सांगून तिने पाटी उचलली. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. दोघांच्याही मनात एकच आलं, पण बोललो नाही, कारण ते बोलायला बरं वाटत नव्हतं. ज्या माणसाने खोली उभी केली, तिची किल्ली ज्याच्याकडे, ज्याच्या सहीने तक्रार आली, त्याच्याच वाडीत त्या खुर्चीची चाकं फिरत होती.

झडती घेता आली असती. मी घेतली नाही. मी सरांना निरोप पाठवला की पुरवणी जबाब घ्यायचा आहे, येऊन जा.

ते आले. पहिल्या दिवसाचे सर आणि हे सर यांत फरक होता. शर्टला इस्त्री नव्हती, एक गुंडी वरखाली लागली होती. खुर्चीत बसताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला आणि दात आवळले. अंगाला पाठदुखीच्या मलमाचा वास येत होता. मी जबाब लिहून घेणाऱ्या रायटरला चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं. काही जबाब कागदावर घ्यायचे नसतात, एवढं नोकरीने शिकवलेलं असतं.

मी आधी इकडचंतिकडचं विचारलं. मुलगा कुठे? कॅनडात. बाई कशा आहेत? डहाणूला, बहिणीकडे. कधी येणार? लवकरच. उत्तरं पाठ केलेली होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्यांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे जात होता, पण पाणी ते पीत नव्हते. सराईत गुन्हेगाराला मी दरडावलं असतं. यांना दरडावून काही साधणार नव्हतं. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना दरडावलं, त्याला त्यातली युक्ती माहीत असते.

शेवटी मी म्हणालो, "सर, एकच विचारतो. तुमचाच प्रश्न आहे. परत कधी आणणार?"

चोरी उघडी पडल्यावर माणसं चिडतात, रडतात, वकिलाचं नाव घेतात. सरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी खूप दिवस डोक्यावर घेतलेलं ओझं उतरवावं तसे खांदे खाली सोडले आणि म्हणाले, "तेच तर माहीत नाही, साहेब."

मग सगळं बाहेर आलं. बाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. सरांनी गाडी करून मुंबईच्या दवाखान्यात नेलं, तिथून परत आणलं ते रविवारी, सगळं गाव मिस्साला गेलेलं असताना, कुणी पाहू नये म्हणून. गावाला सांगितलं डहाणू. मुलाला सांगितलं, आईचा घसा बसलाय. तेव्हापासून ते एकटेच सगळं करत होते. उचलणं, आंघोळ, भरवणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे, व्यायाम नीट झाला नाही तर हात तसाच राहील. तर सर मोबाइलवर बघून व्यायाम करून घेत होते. त्यांना ते जमत नव्हतं, आणि जमत नाही हेही त्यांना कळत होतं.

"पण खुर्ची मागायची होती ना, सर. तुमचीच खोली."

"कुणाकडे मागू? द्यायला मीच बसतो." ते हसल्यासारखे झाले. "आणि नेली म्हटलं की रविवारी नाव वाचणार. मग लोक घरी येणार. मी त्या लोकांना शाळेत शिकवलंय, साहेब. त्यांनी माझ्या घरात येऊन... आणि समजा कुणी विचारलं असतं, परत कधी आणणार, तर मी काय सांगणार होतो? ती बरी झाल्यावर? आणि नाही झाली तर? तो प्रश्न मी किती घरांना विचारला. त्याचा अर्थ काय होतो, हे मला पहिल्यांदा कळलं."

मग मला रागही आला, आणि तो मी लपवला नाही. "आणि ती सभागृहातली बाई? तिला मी इथं या खुर्चीत बसवलं. तिची खोली जायची वेळ आली."

"तक्रार मला करायचीच नव्हती. पोरं ऐकेनात. रोज ठरवतो, आज सांगतो. रोज तोंड उघडत नाही." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही विचारलंत, बरं झालं. मी सुटलो."

माझ्यासमोर अनेकांनी गुन्हे कबूल केले आहेत. पकडला गेल्यावर इतका हलका झालेला माणूस मी आधी पाहिला नव्हता.

आम्ही साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो, मी आणि महिला शिपाई. बाई मागच्या दाराशी त्याच खुर्चीत बसल्या होत्या, मोगऱ्याकडे तोंड करून. घराच्या एका कोपऱ्यात शिलाई मशीन कापडाने झाकलेलं होतं. गावातल्या कितीतरी मुलींचे लग्नाचे झगे या बाईंनी शिवलेले. उजवा हात आता मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. महिला शिपायाने त्यांची टाच हळूच बघितली आणि मला खुणावलं. कातडी लाल होऊन सोलायला लागली होती. दंडावर जुना काळानिळा डाग होता. सर म्हणाले की न्हाणीघरात दोघेही घसरून पडले होते आणि उठायला त्यांना बराच वेळ लागला होता. तेव्हाही त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या फार प्रयत्न करून बोलत होत्या, शब्द तोंडातून ओढून काढल्यासारखा येत होता. "बरं... झालं... आलात," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "सांग. मी... रोज... म्हणते."

म्हणजे बाईंना कसलीच लाज वाटत नव्हती. त्या रोज सरांना सांगत होत्या की गावाला बोलव. जिला उचलायचं होतं ती तयार होती, उचलणाराच तयार नव्हता.

मी बाहेर येऊन हवालदाराला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपनच मंडळाला सांगून टाकू ना साहेब, सरांची सुटका." मला ते पटलं नाही. आम्ही सांगितलं असतं तर ती पोलिसांची बातमी झाली असती, आणि सरांना पुढे जन्मभर खाली मान घालून चालावं लागलं असतं. मी सरांना म्हणालो, "मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. पण उद्याच, आणि ती बाई समोर असताना."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभागृहात मंडळ बसलं. मी आणि हवालदार मागे एका बाकावर बसलो होतो. सर उभे राहिले तेव्हा लोक सवयीने सरळ बसले. सगळ्यांना वाटलं, आता शिस्तीवर भाषण होणार.

"खुर्ची माझ्याकडे आहे," सर म्हणाले. "मीच नेली. माझी बायको डहाणूला नाही, घरी आहे. तिची एक बाजू गेलीय."

सर थांबले. पुढचं वाक्य यायला फार वेळ लागला. मी बाकावर बसून मनातल्या मनात त्यांना ढकलत होतो.

"मला मदत पाहिजे," ते म्हणाले. "मला एकट्याला तिला उचलता येत नाही."

मुख्याध्यापक म्हणून त्यांनी किती भाषणं केली असतील. एवढं लहान भाषण त्यांनी कधी केलं नसेल. ते तसेच उभे राहिले, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे. मग ज्या तरुणाने माझ्याकडे सगळ्यात जास्त तावातावाने तक्रार केली होती, त्याने खाली बघत विचारलं, "सर, सकाळी किती वाजता येऊ?"

त्या एका प्रश्नाने सभागृहात हालचाल सुरू झाली. कुणी म्हणालं, आम्ही शनिवार-रविवार घरीच असतो. एक आजी उठल्या आणि कुणाला न विचारता सरळ सरांच्या घराकडे चालायला लागल्या. सर सभागृहातल्या बाईकडे गेले आणि तिच्यासमोर हात जोडले. "माझ्यामुळे तुला पोलीस ठाण्यात बसावं लागलं. मी गप्प बसलो. मला माफ कर."

ती लगेच विरघळली नाही. मला ते बरं वाटलं. "मला तिथं बसवलं, तेव्हा मी रोज वाट बघितली सर, तुम्ही याल म्हणून," ती म्हणाली. मग पदर खोचून म्हणाली, "माझ्या पोरीचा झगा बाईंनी रात्रभर जागून शिवला होता. सकाळची आंघोळ मी घालीन. पण मी बाईंसाठी येते, तुमच्यासाठी नाही. ते आधी सांगून ठेवते."

"चालेल," सर म्हणाले, आणि सगळं सभागृह हसलं. सरांच्या समोर गाव मोकळेपणाने हसलेलं हवालदाराने तरी पहिल्यांदाच पाहिलं, असं तो मला परतताना म्हणाला.

सगळ्यात मोठं आश्चर्य पुढे होतं. सरांच्या घरापासून चार घरं पलीकडे एक मुलगी राहत होती. नालासोपाऱ्याच्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. अर्धांगाच्या रुग्णांना उभं करणं हेच तिचं रोजचं काम. सरांचीच विद्यार्थिनी. सर मोबाइलवर व्यायाम शोधत होते, तेव्हा ती रोज संध्याकाळी त्यांच्या फाटकावरून घरी जात होती. त्याच रात्री तिने माझ्यासमोर बाईंचा हात हातात घेऊन पाहिला, बोटं एकेक करून वाकवली आणि सांगितलं की उशीर झालाय, पण फार नाही. सरांनी तिला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मीही ते पुन्हा ऐकलं. मला इतकं हायसं वाटण्याचं खरंतर काही कारण नव्हतं, बाई माझ्या कुणी नव्हत्या. पण वाटलं.

त्या रविवारी मिस्सात बाईंचं नाव वाचलं गेलं. हवालदाराची मावशी मासळी संपवून मुद्दाम चर्चच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, सर मान खाली घालून बसले होते, पण बाहेर पडल्यावर एकेक जण येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जात होता. फाटक आता उघडं असतं आणि तिला पाणी मिळतं, हेही तिने आवर्जून सांगितलं.

मंडळाने लेखी दिलं की वस्तू मिळाली, तक्रार नाही. अर्ज दप्तरी दाखल झाला. वरिष्ठ साहेबांनी विचारलं, "काय हो, चोर कोण निघाला?" मी म्हणालो, "चोर नव्हता साहेब, गिऱ्हाईक होतं. मागायला लाजलं." त्यांनी मान हलवली आणि पुढची फाइल ओढली.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. गुन्हेगार ओळखायला तसं मी आधीच शिकलो होतो. हे प्रकरण वेगळं होतं. त्यात माणूस मोडत होता तो आजारपणाने नाही, सगळं एकट्याने पेलायच्या हट्टाने. आणि तो वाचला, त्याच्या ताठ कण्याने नाही, तर वाकून चार शब्द बोलल्यामुळे. आपण सगळे दुसऱ्याला मदत करताना मोठे दिसतो, म्हणून मदत मागताना लहान दिसू अशी भीती वाटते. त्या सभागृहात सर मला लहान दिसले नव्हते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते मला त्यांच्या वयाचे दिसले.

हे सगळं मला लिहायला सोपं आहे. करायला नाही. निवृत्तीनंतर मी नायगावला एका नव्या इमारतीत राहायला आलो. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि कमरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आलो. बायकोचे गुडघे आधीच दुखणारे. तरी मी तिला म्हणत होतो, कुणाला सांगू नकोस, मी करतो सगळं. एके दिवशी पलंगावरून उठवताना आम्ही दोघे पडता पडता वाचलो. ती पलंगाच्या कडेला बसून गुडघे चोळायला लागली. मला एकदम ते मागचं दार, तो मोगरा आणि त्या बाईंची सोललेली टाच आठवली. मी फोन उचलला.

सरांचा आवाज आता थोडा थकलाय, पण ठणठणीत आहे. मी सांगितलं, वॉकर पाहिजे.

"वॉकर देतोच," ते म्हणाले. "पण घरी उचलायला कोण आहे?"

नंतर कळलं की आता खोलीवर येणाऱ्या प्रत्येकाला सर हाच प्रश्न पहिला विचारतात.

"बायको आहे," मी म्हणालो.

"मग दोघे जण पाठवतो. एक तुम्हाला धरायला, एक त्यांना सांगायला की आता तुम्ही बसा."

त्यांच्या मागे घरात शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता. थांबत थांबत, पण येत होता. मी विचारलं, तर म्हणाले, हात पूर्ण नाही आला, कापड धरण्यापुरता आलाय, झगे होत नाहीत पण उशांचे अभ्रे होतात, आणि आमच्या घरात आता माणसांपेक्षा अभ्रे जास्त आहेत.

फोन ठेवताना मी सवयीने विचारलं, "सर, आणि परत कधी आणून देऊ?"

पलीकडे क्षणभर मशीनचाच आवाज राहिला. मग सर म्हणाले, "साहेब, आधी उभे तर राहा."